पेटीतली कुंची

दिवाणावर तीन ढीग पडले होते आणि ज्याच्यासाठी ते पडले होते तो आतल्या खोलीत अदितीच्या कुशीत मजेत झोपला होता.

बाळ येण्याआधी त्याची एकही वस्तू घरात आणायची नाही, या एका गोष्टीवर अमरावतीचे असनारे आणि बोरगाव मंजूचे गावंडे या दोन्ही घरांचं एकमत होतं. लग्नाच्या वेळी कशाकशावर झालं नव्हतं, पण यावर झालं. बाळानं मात्र कोणाला विचारलं नाही. ते तारखेच्या आधीच आलं, दवाखान्यातून घरीही आलं, आणि रुक्मिणीनगरातल्या असनारे वकिलांच्या घरात त्याच्या अंगावर घालायला साधं झबलं नव्हतं. मग एकदम धावपळ झाली, आणि जो तो आपापल्या परीनं धावला.

पहिला ढीग जावयाचा. पियुष नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. माणूस गुणाचा, पण मोबाइल हातात आला की त्याला थांबता येत नसे. त्यानं मागवलेल्या खोक्यातून थर्मामीटर निघालं, नखं कापायची चिमुकली कात्री निघाली, मऊ ब्रश, फणी, ओल्या रुमालांची पाकिटं, आणि रबरी नळी लावलेली एक पारदर्शक डबी.

"हे काय व्हय?" पियुषच्या आईनं, पार्वताबाईंनी, डबी उचलून उजेडात धरली.

"नाक साफ करायचं आहे ते, माय. सर्दी झाली की ओढून घ्यायचं."

"कोनं ओढायचं?"

"आपणच. तोंडानं. मधात जाळी असते न."

पार्वताबाईंनी डबी होती तिथं ठेवली आणि हात लुगड्याला पुसले. "तुहं नाक मी पदरानं पुसलं. झाला न एवढा मोठा?"

अदितीचे वडील मोरोपंत पेपरामागून हसले. अदितीच्या आई सरोजिनीबाई हसल्या नाहीत, कारण त्यांचं लक्ष दुसऱ्या ढिगाकडे होतं. तो विहीणबाईंचा. बोरगावहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या पिशवीतून घाण्याचं तिळाचं तेल निघालं होतं, वेखंडाची पूड, धुरी द्यायचं धुपन, घरी धरलेलं काजळ, काळ्या मण्यांच्या मनगट्या, आणि घुटीचा डबा. डब्यात हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, आणखी काय काय, आणि सोबत ते उगाळायची दगडी सहाण. तिच्यावर पियुषची घुटी उगाळली होती, पियुषच्या बापाची म्हणजे पुंजारामांचीही. मधोमध वाटीसारखा खळगा पडला होता.

सरोजिनीबाईंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. काय बरोबर आणि काय चूक हे त्या पहिल्या ओळीतच ओळखत, आणि लगेच सांगूनही टाकत.

"विहीणबाई, राग मानू नका. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, दुधाशिवाय तोंडात काही नाही. घुटी नाही. काजळ नाही, वेखंड तर मुळीच नाही, ती पूड छातीत जाते. धुपनही नको."

"मंग तेल?"

"तेल चालेल. नाळ पडल्यावर."

"म्हंजे एवढ्यातलं तेल तेवढं पास झालं म्हना," पार्वताबाई म्हणाल्या. त्या गावातल्या दहा जणांत बोलणाऱ्या बाई होत्या. घरची काळी जमीन, दाराशी ट्रॅक्टर, आणि कापूस कधी विकायचा हे पुंजाराम त्यांना विचारूनच ठरवत. कोणी त्यांचं सामान असं एकेक करून बाजूला सारलेलं त्यांना आठवत नव्हतं.

"सरोज, मनगट्या तरी राहू दे," मोरोपंत म्हणाले. "त्यानं काय होऊन राहिलं?"

"मणी तुटून तोंडात गेला म्हणजे?"

"आई बरोबर म्हणतात, माय," पियुष म्हणाला. हे त्यानं म्हणायला नको होतं. सासूच्या बाजूनं बोलला याचं काही नाही, पण 'आई' एकीला म्हणाला आणि समजावलं दुसरीला.

तेवढ्यात अदिती दार लोटून आली. केस विस्कटलेले, डोळे झोपेनं जड, पण आवाज कोर्टातला. तीही बापासारखी वकील. "किती वेळ चालणार आहे तुमचं? थर्मामीटर, कात्री, ब्रश ठेवा. नाकाची डबी ठेवा. ओले रुमाल नको, मी कापूस आणि कोमट पाणी वापरीन. माय, तेल ठेवा. काजळ डोळ्यात नाही, पण तळपायाला त्याचा एक ठिपका लावा रोज. तुम्हीच लावा."

"हाव," पार्वताबाई म्हणाल्या. तळपाय तर तळपाय.

"आणि कपडे?" पियुषनं विचारलं. "ते तर मागवलेच नाही मी."

या प्रश्नाचीच वाट पाहत असल्यासारखा तिसरा ढीग सरोजिनीबाईंनी पुढे ओढला. त्यांच्या माहेरची, तिवस्याहून आलेली पत्र्याची पेटी उघडी होती. तिच्यात अदितीची झबली, लंगोट, दुपटी, टोपडी, सगळं घडीवर घडी. दर दिवाळीला त्या पेटी उपसायच्या, विरलेल्या डांबराच्या गोळ्या काढून नव्या पांढऱ्याशुभ्र टाकायच्या आणि झाकण लावायच्या. एका कपड्याला कसर लागली नव्हती. सगळ्यात वर हिरव्या खणाची कुंची होती, लाल काठाची, मागे झालर. अदितीच्या बारशाला सरोजिनीबाईंच्या आईनं हातानं शिवलेली.

"हे काही आणलेलं नाही. घरातच होतं," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आणि जुनं कापड म्हणजे मऊ."

इथं कोणीच हरकत घेतली नाही. पार्वताबाईंनीही झबलं बोटांत चुरून पाहिलं आणि मान हलवली. तान्ह्याच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागावं, असं त्याही मानत होत्या. मोरोपंत एवढंच म्हणाले की वास येऊन राहिला. सरोजिनीबाईंनी सगळं तासभर गच्चीवर टाकलं, घडी घातली, आणि संध्याकाळी बाळ आईच्या झबल्यात, आईच्या दुपट्यात गुंडाळलं गेलं. वरून कुंची. इतकं गोजिरं दिसलं की पियुषनं फोटो काढून बोरगावला बापाला पाठवला.

*

पार्वताबाईंना चहा वेळेवर मिळे, जेवण गरम मिळे, पंख्याखाली गादी मिळाली होती. तक्रारीला जागा नव्हती आणि त्याचाच त्यांना राग येत होता. त्या पाहुणचार घ्यायला आल्या नव्हत्या. लेकाला पहिलं लेकरू झालं होतं. आंघोळ सरोजिनीबाई घालणार, पंचा धरायला पार्वताबाई. कपडे सरोजिनीबाई चढवणार, तळपायाला ठिपका लावायला पार्वताबाई.

"इहीनबाई, मी घालू का आज पानी?" त्यांनी एकदा विचारलं.

"नाही नाही, तुम्ही बसा हो. दमून आलाय."

येऊन दोन रात्री झाल्या होत्या. बोरगावात त्या एवढ्यात अर्ध्या वावराची वेचणी करवून घेतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरोजिनीबाई पूजेला बसल्या, अदिती न्हाणीघरात गेली आणि बाळ पार्वताबाईंच्या मांडीवर आलं. त्यांनी खुशाल सहाण घेतली, दुधाच्या थेंबात एकेक काडी फिरवली आणि करंगळीनं उलसंक चाटवलं. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं, मग जीभ फिरवली. पार्वताबाईंचा जीव सुपाएवढा झाला. आपल्या हातचं काहीतरी याच्या पोटात गेलं, याची त्यांना खरीखुरी गरज होती, आणि ती त्या कोणाला सांगणार नव्हत्या.

मान वर केली तर दारात मोरोपंत उभे.

"सांगता का?" पार्वताबाईंनी विचारलं.

"काय सांगू? मी चष्मा शोधून राहिलो," मोरोपंत म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

*

बाळ पिवळं दिसतंय हे दुपारी अदितीच्या ध्यानात आलं. पाजायला घेतलं तर ओढेना, गालाला बोट लावलं तरी जागं होईना. नखं दाबली तर पिवळी, डोळ्यांतला पांढरा भागही पिवळा. तिनं पियुषला कारखान्यातून बोलावलं आणि सगळे दवाखान्यात आले. मोरोपंतांना मात्र सरोजिनीबाईंनी घरीच बसवलं, त्यांच्या रक्तदाबाला ही दगदग नको म्हणून.

बालरोगतज्ज्ञ करिश्मा राठी शांत बाई. त्यांनी बाळाचे कपडे उतरवायला लावले, रक्त काढलं आणि त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. "कावीळ बऱ्याच बाळांना होते. पण ही भराभर चढली आहे, त्यामुळे कारण शोधावं लागेल. वेळेत आणलंय. बरं होईल," असं सरळ सांगून मग त्यांनी विचारलं, "तोंडानं काही दिलं का?"

"काहीच नाही," अदिती म्हणाली.

"देल्लं," पार्वताबाई म्हणाल्या. "सकाळी घुटी चाटवली मी. एक बोट. लपवाचं काहून?"

पियुषच्या कानांत काहीतरी फुटल्यासारखं झालं. लग्नापासून तो या दोन घरांच्या मधात उभा होता. गावाकडे गेला की असनाऱ्यांची बाजू सांगायचा, इकडे आला की माय कशी मनानं चांगली आहे ते सांगायचा, आणि आज त्याच मायनं त्याला तोंडघशी पाडलं होतं. आता तो जे बोलला ते त्याचं त्यालाही नंतर आठवू नये असं वाटलं.

"सांगतलं होतं न तुले? सगळ्यायनं सांगतलं होतं. तुले काय वाटते, तूच शहाणी? हे तुह्या कापसाचं गाठोडं आहे का, मनात येईल ते कराले?"

"पियुषराव, हळू," सरोजिनीबाई म्हणाल्या. पण 'जाऊ द्या' म्हणाल्या नाहीत.

अदिती रडत नव्हती. तिच्या हातावर बाळाच्या रक्ताचा एक थेंब लागला होता आणि ती त्याच्याकडे पाहत होती. "माय," ती म्हणाली, "तुम्ही बाळाजवळ येऊ नका."

"आज नाही येत."

"आज नाही असं नाही. येऊच नका."

पार्वताबाईंनी पदर नीट केला. एवढ्या मोठ्या बाईचा चेहरा एकदम लहान दिसला. "पियुष, मले एसटीवर सोडून दे," त्या म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

*

बाकावर आता सरोजिनीबाई एकट्याच होत्या. अदिती आत बाळाच्या दिव्याशेजारी. पियुष मायची पिशवी घ्यायला घरी आणि तिथून बसस्टँडवर गेलेला. सरोजिनीबाईंच्या मांडीवर बाळाचे उतरवलेले कपडे होते आणि कुंचीचा लाल काठ त्या बोटांनी सरळ करत होत्या. आपण सांगत होतो ते खरं ठरलं, असं त्यांच्या मनात आलं. आलं ते आलं. वाईट वाटत होतं, पण सोबत हेही होतंच.

डॉक्टर बाहेर आल्या. "आजी, पहिला रिपोर्ट आला. नुसत्या घुटीनं एवढी कावीळ होत नाही. घुटी द्यायची नाहीच, त्यानं पोट बिघडतं, जंतू जातात. पण हे वेगळं आहे. बाळाच्या रक्तातल्या पेशी फुटताहेत." बोलता बोलता त्या थांबल्या, खाली वाकल्या आणि कपड्यांचा वास घेतला. "हे कपडे कुठे ठेवले होते?"

"पेटीत. का?"

"डांबराच्या गोळ्या होत्या?"

"होत्या. नेहमीच असतात."

डॉक्टर शेजारी बसल्या आणि समजावून सांगू लागल्या. काही मुलांच्या रक्तात जन्मापासून एक घटक कमी असतो. एरवी ते कळतही नाही. पण अशा बाळाला त्या गोळ्यांचा वास, त्यात मुरलेला कपडा सोसत नाही. हे आईकडून येतं आणि बहुतेक मुलग्यांनाच भोवतं. आज तपासणीला पाठवलंय, रिपोर्ट आला की पक्कं सांगता येईल, पण आपल्याला हेच वाटतं. कपडे, गोळ्या, पेटी, सगळं घराबाहेर काढा. बाळ सुधारतंय, घाबरू नका. "तुमच्या माहेरी कोणा मुलाला असं झालं होतं का?"

सरोजिनीबाईंनी कपडे मांडीवरून उचलून बाजूला ठेवले.

त्यांना एक भाऊ झाला होता. तिवस्याच्या घरात, त्या स्वतः शाळेत जायला लागल्या त्या सुमारास. पिवळा पडून तान्हेपणीच गेला. आईचं म्हणणं, आजीनं, म्हणजे आईच्या सासूनं, नको ती घुटी चाटवली. आई त्यानंतर त्या म्हातारीशी कधी नीट बोलली नाही. सरोजला तिच्या मांडीवर बसू दिलं नाही. म्हातारी ओसरीच्या कडेला बसून नातीकडे पाहत राहायची आणि तशीच पाहत पाहत गेली. आणि ते बाळ कोणत्या दुपट्यात होतं? याच पेटीतल्या. पेटी आईच्या रुखवतातली, गोळ्या तेव्हाही असायच्या. कोण जाणे काय खरं होतं. पण साठ वर्षं त्या घरात एकाच बाईचं नाव घेतलं गेलं, हे मात्र खरं होतं.

"झालं होतं," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि उठल्या. "डॉक्टर, मी येते. मला बसस्टँडवर जायचंय."

त्यांच्यासमोर गप्प बसायचाही रस्ता होता. डॉक्टरांनी फक्त त्यांनाच सांगितलं होतं. पेटी गुपचूप फेकता आली असती, आणि विहीणबाई बोरगावला पोचल्या असत्या. हे त्यांना ऑटोत बसल्यावर सुचलं, आणि सुचलं याचीच त्यांना शरम वाटली. "दादा, जरा लवकर चालवा न," त्या ऑटोवाल्याला म्हणाल्या.

*

अकोल्याची बस लागली होती. पार्वताबाई खिडकीशी, मांडीवर पिशवी, पिशवीत सहाण. पियुष खाली उभा, पाण्याची बाटली हातात घेऊन. ती घ्यायला मायनं हात बाहेर काढला नव्हता.

सरोजिनीबाई तडक बसमध्ये चढल्या. "विहीणबाई, उतरा."

"काहून? अजून काही राह्यलं का म्हनाचं?"

"राहिलंय. मलाच म्हणायचंय." त्यांनी दांडा घट्ट धरला. वर्गात त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा आणि आजही गेला. "बाळ तुमच्या घुटीनं आजारी नाही पडलं. माझ्या पेटीतल्या कपड्यांनी पडलं. डांबराच्या गोळ्या बाधल्या त्याला. डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं. मीच घातले ते कपडे, माझ्या हातानं. चूक माही आहे."

'माझी' नाही, 'माही' म्हणाल्या. आयुष्यभर मुलींना शुद्ध बोला म्हणून सांगितलेल्या बाई. पियुषला ते ऐकू आलं आणि तो बसच्या दाराशी आला.

"लेकरू कसं आहे?" पार्वताबाईंनी आधी हे विचारलं.

"सुधारतंय."

पार्वताबाईंनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. मग मात्र त्यांना राग आला, आणि तो येणारच होता. "मंग माह्या पोरानं मले दवाखान्यात सगळ्या लोकायपुढं जे म्हनलं, थे? मी तिथून निघून चालली, तुमी बाकावर बसून राह्यल्या. थांबा म्हनलं का तुमी?"

"नाही म्हटलं. आतून बरं वाटलं होतं मला. खोटं नाही बोलत."

पुढच्या सीटवरच्या दोघी बाया आता उघडउघड मागे वळून ऐकत होत्या.

"आई," पियुष म्हणाला, आणि यावेळी तो मायलाच म्हणाला. "माय, मी चुकलो. मी लय बोललो."

"तुह्याशी मी घरी बोलतो," पार्वताबाई त्याला म्हणाल्या. मग सरोजिनीबाईंकडे वळल्या. "घुटी मी देल्ली, थे बी खरंच आहे. नाई म्हनलं असतानी देल्ली. ते पुन्हा होनार नाई. पन तुमची पोरगी म्हनली, येऊच नका. ते तुमच्या सांगन्यानं थोडीच पुसल्या जाते?"

"नाही जात. ते तिचं तिलाच म्हणावं लागेल. मी फक्त तुम्हाला न्यायला आले."

"आजी, उतरता का बसता?" कंडक्टरनं विचारलं. "गाडी सुटून राहिली."

पार्वताबाईंनी पिशवी उचलून सरोजिनीबाईंच्या हातात दिली. सहाणीच्या वजनानं त्या एका बाजूला वाकल्या. "धरा. जड आहे," पार्वताबाई म्हणाल्या आणि उतरल्या.

*

दवाखान्यात बाळाला घालायला आता पुन्हा काही नव्हतं. म्हणून दोघी आधी बाजारात गेल्या. लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात पोऱ्यानं चमकत्या टोप्या आणि कार्टूनचे टी-शर्ट काढायला सुरुवात केली, तसं पार्वताबाईंनी हात आडवा केला.

"पांढरं दाखव. सुती. पुढून बंद बांधायचं."

"आणि काजा-गुंडी नको," सरोजिनीबाई म्हणाल्या.

पार्वताबाईंनी पहिलं झबलं उचललं आणि नाकाला लावलं. दुसरंही लावलं. तिसरं बाजूला टाकलं. "हे कुठं ठेवलं होतं रे?"

"गोदामात, काकू. काहून?"

"आत ठेव मंग."

दुकानदार गल्ल्यावरून उठून आला. दोन बाया कपड्याचा रंग पाहत नाहीत, भाव विचारत नाहीत आणि एकेक लंगोट हुंगतात, असं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. "मावशी, नवीन माल आहे सगळा," तो म्हणाला.

"नवीनच पाह्यजे," सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनीही एक दुपटं नाकाजवळ नेलं. "आणि घरी नेऊन धुऊ, उन्हात वाळवू, मगच घालू. हो ना, विहीणबाई?"

"हाव. वरून इस्त्री."

तेलाची बाटली घ्यायची का, यावर मात्र तिथंच वाजलं. सरोजिनीबाईंना बाळांसाठीचं बंद बाटलीतलं हवं होतं, पार्वताबाईंचं म्हणणं घाण्याचं घरात असताना कायले. शेवटी डॉक्टरांना विचारायचं ठरलं. त्या सांगतील ते दोघींनी ऐकायचं, असंही ठरलं, आणि हे ठरायला तेलापेक्षा जास्त वेळ लागला.

घरी मोरोपंतांनी सगळं ऐकून घेतलं आणि कबूल केलं की घुटी आपण पाहिली होती. सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडे जे पाहिलं त्यानंतर ते स्वतः उठून पेटीतल्या गोळ्या कागदात बांधू लागले. झबली गेली, दुपटी गेली, पेटीही घराबाहेर गेली. कुंची हातात घेऊन सरोजिनीबाई क्षणभर थांबल्या. आईच्या हातचा शेवटचा टाका होता तो.

"ठेवा न एवढी एक," पार्वताबाई हळूच म्हणाल्या. "बाहेर, दूर कुठंतरी."

"नको," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि ती त्यांनी स्वतः गाठोड्यात घातली. पार्वताबाईंनी घुटीचा डबा आणून त्याच गाठोड्यात ठेवला. सहाण मात्र ठेवली नाही. तिच्यावर चंदन उगाळता येतं, म्हणाल्या.

*

दिव्याखालून बाळ निघालं त्या सकाळी ते चांगलं गुलाबी दिसत होतं आणि भुकेनं हात चोखत होतं. डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला होता. काय टाळायचं ते त्यांनी अदितीला पुन्हा समजावलं, तेल घाण्याचं चालेल म्हणाल्या, आणि पार्वताबाईंनी जिंकल्याचं तोंडावर दाखवलं नाही. फार दाखवलं नाही.

आईनं सगळं सांगितल्यापासून अदिती फारशी बोलली नव्हती. तिला दुसऱ्याची चूक चटकन दिसायची, त्यावर तिचं पोट चालत होतं. स्वतःची पाहायची सवय नव्हती. सासूबाई या दिवसांत रोज दवाखान्यात येत होत्या, डबा देत होत्या आणि दाराबाहेरच्या बाकावर बसत होत्या. आत एकदाही आल्या नाहीत. अदिती म्हणाली होती ते त्यांनी शब्दशः पाळलं होतं. काचेतून त्यांचा अर्धा चेहरा दिसायचा, आणि अदितीला आईनं सांगितलेली ओसरीवरची ती म्हातारी आठवायची.

परिचारिकेनं बाळ नव्या पांढऱ्या झबल्यात गुंडाळून आणलं. "कोण घेते बाळाला?"

सगळ्यांनी सरोजिनीबाईंकडे पाहिलं. माहेरची आजी, तिचाच मान. सरोजिनीबाईंनी हात पुढे केले नाहीत.

अदिती दाराशी आली. "माय, आत या," ती म्हणाली. "मी तुम्हाला नको ते बोलले. मला भीती वाटत होती आणि ती मी तुमच्यावर काढली. तुम्ही घ्या त्याला."

पार्वताबाई उठल्या. आत आल्या नाहीत. "आधी हात धुतो," एवढंच म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेल्या.

पाण्याचा आवाज येत राहिला. साबणानं हात धुवायला इतका वेळ लागत नाही. परिचारिका बाळ घेऊन उभी, पियुष पुढे जायला निघाला तसा अदितीनं त्याची बाही धरून ठेवली. सरोजिनीबाई गेल्या.

पार्वताबाई नळाखाली हात धरून उभ्या होत्या, पाठमोऱ्या, खांदे हलत होते. सरोजिनीबाईंनी नळ बंद केला. इकडेतिकडे पाहिलं, पुसायला काही नव्हतं. मग त्यांनी आपल्या साडीचा पदर काढून पुढे केला.

"पुसा. रोजची आहे. पेटीतली नाही."

पार्वताबाईंनी पदर हातात घेतला, नाकाला लावला, नीट हुंगला. मग त्यानंच आधी डोळे पुसले, आणि मग हात.